मिशिगन आणि फ्लोरिडा, २००८ : न मोजायच्या मतांचा हिशेब

प्रकरण काय आहे

२००८ साली अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यात जानेवारीपासून जूनपर्यंत झुंज चालली. दोघांनाही पावणेदोन कोटींच्या आसपास मतं पडली. इतक्या अटीतटीच्या लढतीत दोन मोठ्या राज्यांची मतं धरायची की नाही हेच पाच महिने ठरत नव्हतं. तो पेच कसा तयार झाला, पक्षपाती भाष्याने तो कसा चिघळवला आणि तो सोडवताना कोणते निर्णय घेतले गेले, याचा हा अभ्यास आहे. नेते आणि पदाधिकारी सार्वजनिक नोंदीत आहेत, म्हणून ते नावानिशी येतात. दोन्ही बाजूंच्या भाष्यकारांचा आणि समर्थकांचा उल्लेख मात्र केवळ छावणीने केला आहे.

माझं मत आधीच सांगतो. या वादात ‘नियम’ आणि ‘मतदार’ अशी दोन मोठी तत्त्वं समोरासमोर उभी केली गेली. पण ‘ही निवडणूक मोजली जाणार नाही’ हे पक्षाचं म्हणणं खरं मानून जे लोक मतदानाला गेलेच नाहीत, त्यांच्या बाजूने दोन्हीपैकी एकही छावणी बोलली नाही.

पार्श्वभूमी

उमेदवार ठरवण्यासाठी प्रत्येक राज्यात प्रायमरी (मतपत्रिकेने होणारं पक्षांतर्गत मतदान) किंवा कॉकस (स्थानिक सभांतून होणारी निवड) होतात आणि त्यातून पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी वाटले जातात. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही दोन छोटी, बहुसंख्य गोरी राज्यं परंपरेने तेव्हा सर्वांत आधी मतदान करत. उमेदवार महिनोन्‌महिने तिथेच तळ ठोकून असत. मोटार उद्योग आणि कामगार संघटनांचं राज्य असलेल्या मिशिगनला हे फार वर्षं खुपत होतं. तिथले सिनेटर कार्ल लेव्हिन या मक्तेदारीविरुद्ध सातत्याने बोलत आले होते आणि त्यांची तक्रार रास्त होती.

पक्षाने २००८ साठी नियम केला, की आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेव्हाडा आणि साउथ कॅरोलायना सोडून कुणीही ५ फेब्रुवारीच्या आधी मतदान घेऊ नये. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने २९ जानेवारी ही तारीख ठरवली. विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचं होतं, राज्यपालही त्यांचेच, चार्ली क्रिस्ट. पण त्याच विधेयकात मतदान यंत्रांना कागदी मतपत्रिकांचा आधार देण्याची तरतूद होती. २००० सालच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीतल्या वादग्रस्त फेरमोजणीचा घाव बसलेल्या या राज्यात त्याला विरोध कोण करणार? डेमोक्रॅटिक आमदारांनीही विधेयकाच्या बाजूने मत दिलं. मिशिगनने तर जाणूनबुजून १५ जानेवारी निवडली आणि तिथल्या डेमोक्रॅटिक राज्यपाल जेनिफर ग्रॅनहोम यांनी कायद्यावर सही केली.

पहिला निर्णय : शिक्षा किती?

पक्षाच्या नियमावलीत अशा उल्लंघनाला आपोआप लागू होणारी शिक्षा होती, ती म्हणजे निम्मे प्रतिनिधी रद्द. पण २५ ऑगस्ट २००७ रोजी नियम व उपविधी समितीने फ्लोरिडाचे सगळेच प्रतिनिधी काढून घेतले. १ डिसेंबरला मिशिगनचीही तीच गत झाली. त्याच बैठकीत आयोवा, न्यू हॅम्पशायर आणि साउथ कॅरोलायना यांनी आपापल्या तारखा ठरल्यापेक्षा आधी ओढल्याबद्दल त्यांना सूट देण्यात आली. नियम मोडणाऱ्या पाचांपैकी तिघांना माफी आणि दोघांना पूर्ण शिक्षा, असं मिशिगनच्या लोकांना वाटलं यात नवल नाही.

समितीचा हिशेब समजण्यासारखा आहे. धाक बसला नाही तर इतर राज्यंही रांग मोडतील, अशी भीती होती. शिवाय ५ फेब्रुवारीच्या ‘सुपर ट्यूसडे’ला, म्हणजे अनेक राज्यं एकाच दिवशी मतदान करतात तेव्हा, निकाल लागेल, मग विजेता उमेदवार मोठ्या मनाने दोन्ही राज्यांना अधिवेशनात बसवून घेईल, असं जवळजवळ सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. क्लिंटन यांचे सल्लागार हॅरल्ड इक्स स्वतः या समितीचे सदस्य होते आणि ऑगस्टमध्ये त्यांनी पूर्ण शिक्षेच्या बाजूने मत दिलं होतं. ही नोंद पुढे महत्त्वाची ठरते.

रिपब्लिकन पक्षासमोरही हाच प्रश्न होता. त्यांनी पाच राज्यांचे निम्मे प्रतिनिधी कापले आणि विषय संपवला. त्यांचे उमेदवार फ्लोरिडात प्रचाराला गेले, लोकांनी मत दिलं, मॅककेन जिंकले. अर्ध्या शिक्षेत मतदार मतदारच राहतो. पूर्ण शिक्षा झाली की त्याचं मत निव्वळ हजेरी ठरतं.

दुसरा निर्णय : मतपत्रिकेवरचं नाव

सर्व प्रमुख उमेदवारांनी नियम मोडणाऱ्या राज्यांत प्रचार न करण्याची लेखी प्रतिज्ञा केली होती. नाव मागे घेण्याची अट त्या प्रतिज्ञेत नव्हती. तरीही ऑक्टोबर २००७ मध्ये ओबामा, एडवर्ड्स, बायडेन आणि रिचर्डसन यांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नावं काढली. आयोवा-न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना खूश करण्याचा तो सरळ डाव होता. क्लिंटन यांनी नाव ठेवलं. त्यावरून टीका झाली तेव्हा न्यू हॅम्पशायरच्या रेडिओवर त्या म्हणाल्या, की मिशिगनची निवडणूक कशातही मोजली जाणार नाही हे स्पष्टच आहे.

ओबामांच्या छावणीने पुढे ‘आमचं नावच नव्हतं, मग ही कसली निवडणूक?’ असा युक्तिवाद केला. तो खोटा नव्हता. पण नाव त्यांनी स्वतः काढलं होतं, हा भाग त्यांचे भाष्यकार नेहमी गाळत. क्लिंटन यांच्या भाष्यकारांनी रेडिओवरचं ते वाक्य तसंच पुरून टाकलं.

मतदानाचा दिवस

मिशिगनमध्ये क्लिंटन यांना ५५ टक्के मतं पडली आणि ४० टक्के मतं ‘अनकमिटेड’ला, म्हणजे कुणालाही बांधील नसलेल्या रकान्याला. ओबामांचं नाव हाताने लिहिलं तर ते मत मोजलं जाणार नव्हतं, म्हणून त्यांच्या समर्थकांनी या रकान्याचा प्रचार केला होता. फ्लोरिडात सगळी नावं होती. क्लिंटन यांना ५० टक्के, ओबामांना ३३, एडवर्ड्स यांना १४. तिथे साडेसतरा लाख लोकांनी मत दिलं, तो त्या राज्याच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीचा तोवरचा उच्चांक होता. त्याच दिवशी मालमत्ता कराबाबतची घटनादुरुस्ती मतदानाला होती, हेही गर्दीचं एक कारण.

आता दुसरी बाजू पाहा. त्या वसंतात देशभर डेमोक्रॅटिक मतदानकेंद्रांवर रिपब्लिकनांपेक्षा जास्त रांगा लागत होत्या. मिशिगनमध्ये मात्र रिपब्लिकन प्रायमरीला साडेआठ लाखांहून जास्त लोक गेले आणि डेमोक्रॅटिक प्रायमरीला सहा लाखही नाहीत. फ्लोरिडातही रिपब्लिकन आकडा वरचढ होता. फ्लोरिडाचा कल मुळात उजवीकडे असेल, मिशिगनमध्ये अपक्ष मतदार खऱ्या लढतीकडे गेले असतील, हे सगळं मान्य. तरीही मोजली न जाणारी निवडणूक म्हणून घरी राहिलेले लोक होतेच. काही डेमोक्रॅटिक भाष्यकारांनी तर मिशिगनकरांना उघड सल्ला दिला, की इथे तुमच्या मताला अर्थ नाही, तर रिपब्लिकन मतपत्रिका घ्या आणि मिट रॉम्नींना मत द्या, म्हणजे त्यांच्या पक्षातलं भांडण लांबेल. हा सल्ला मानणाऱ्यांना पुढे त्याची किंमत मोजावी लागणार होती.

दोन छावण्या काय म्हणत होत्या

सुपर ट्यूसडेला निकाल लागला नाही. फेब्रुवारीत ओबामा ओळीने जिंकत गेले आणि प्रतिनिधींच्या संख्येत त्यांची आघाडी शंभरावर गेली. मग अचानक या दोन राज्यांना भाव आला.

क्लिंटन यांच्या बाजूचं म्हणणं ‘प्रत्येक मत मोजा’ असं होतं. २००० सालच्या फ्लोरिडाची आठवण, मताधिकारासाठी झगडलेल्या स्त्रिया, नागरी हक्कांची चळवळ, असं सगळं त्यामागे उभं केलं गेलं. मे महिन्यात फ्लोरिडातल्या सभांत खुद्द क्लिंटन यांनी झिंबाब्वेच्या निवडणुकीचाही दाखला दिला. ओबामांच्या बाजूचं म्हणणं ‘सामना संपल्यावर नियम बदलता येत नाहीत’ असं होतं. भूमिका उलट असत्या, म्हणजे ओबामा मागे आणि क्लिंटन पुढे असत्या, तर दोन्ही घोषणा जशाच्या तशा एकमेकांकडे गेल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही. इक्स यांचं ऑगस्टमधलं मत हा त्याचा पुरावा आहे. मतपत्रिकेवरून स्वतःहून नाव काढून नंतर निवडणुकीत आपलं नाव नसल्याची तक्रार करणं, हा दुसऱ्या बाजूचा पुरावा.

एकूण मतांच्या आकड्यावरून तर रोज रणधुमाळी होई. फ्लोरिडा धरून आणि मिशिगन सोडून मोजलं तर शेवटी ओबामा जेमतेम ४१ हजारांनी पुढे होते. मिशिगन धरलं आणि ओबामांना तिथे शून्य दिलं, तर क्लिंटन २ लाख ८६ हजारांनी पुढे जात. आयोवा, नेव्हाडा, मेन आणि वॉशिंग्टन या कॉकस घेणाऱ्या राज्यांत तर एकूण मतांचा अधिकृत आकडाच नव्हता. प्रत्येक छावणीचा भाष्यकार आपल्याला सोयीची बेरीज लोकेच्छा म्हणून सांगत होता. वाचकाला ती बेरीज कशी केली हे क्वचितच कळे, आणि मला हा सर्वांत गंभीर दोष वाटतो. मत कुठलंही असो, आकड्यात काय धरलं आणि काय सोडलं हे सांगायला एक वाक्य पुरतं.

या वादाला आधीच्या जखमाही होत्या. टीव्हीवर क्लिंटन यांच्याबद्दल बाई म्हणून जे बोललं गेलं त्याने त्यांचे समर्थक दुखावले होते. मार्चमध्ये पक्षाच्या १९८४ च्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार जेराल्डिन फेरारो यांनी ओबामा गोरे असते तर इथवर पोचले नसते अशा अर्थाचं विधान केलं आणि त्यांना क्लिंटन यांच्या प्रचारसमितीतून बाहेर पडावं लागलं. भारतीयांना चटका देणारा प्रसंग त्याहून आधीचा, जून २००७ चा. क्लिंटन दाम्पत्याचे भारताशी असलेले आर्थिक संबंध दाखवणारं एक टिपण ओबामांच्या प्रचारयंत्रणेने पत्रकारांना दिलं आणि त्यात न्यूयॉर्कच्या या सिनेटरचा मतदारसंघ ‘पंजाब’ असा लिहिला. अमेरिकेतल्या भारतीयांनी जोरदार निषेध केला आणि ओबामांनी चूक कबूल केली. वर्षभराने मिशिगनची भाषा इतकी कडवट का झाली, हे अशा गोष्टींवरून कळतं.

समोर कोणते पर्याय होते

मार्च २००८ मध्ये चार वाटा दिसत होत्या. शिक्षा तशीच ठेवायची. जानेवारीचे निकाल जसेच्या तसे मान्य करायचे. काही तडजोड काढून प्रतिनिधी वाटायचे. किंवा मतदान नव्याने घ्यायचं.

माझ्या मते शेवटची वाट एकटीच मतदारांना न्याय देणारी होती, कारण जानेवारीत घरी राहिलेल्यांना तिने दुसरी संधी दिली असती. ती दोन्हीकडे कोसळली. फ्लोरिडात टपालाने मतदान घेण्याचा प्रस्ताव आला, खर्च सुमारे १ कोटी डॉलर किंवा त्याहून थोडा जास्त. पैसे कोण देणार, सह्या कोण पडताळणार, एवढ्या मोठ्या राज्यात हे पहिल्यांदाच करायचं का, असे प्रश्न निघाले आणि मार्चच्या मध्यावर राज्यातल्या पक्षाने तो सोडून दिला. मिशिगनमध्ये खासगी देणग्यांतून ३ जूनला फेरमतदान घेण्याचा घाट घातला गेला. तिथे अडचण निघाली ती अशी, की जानेवारीत ज्यांनी रिपब्लिकन मतपत्रिका घेतली होती त्यांना पक्षाच्या नियमाने फेरमतदानात भाग घेता येणार नव्हता. ‘रॉम्नींना मत द्या’ हा सल्ला ऐकलेले डेमोक्रॅट यात थेट अडकले. ओबामांच्या वकिलांनी हीच हरकत घेतली आणि विधिमंडळ काहीही न करता सुट्टीवर गेलं.

हरकत कायद्याने योग्य होती. पण आघाडीवर असलेल्या उमेदवाराला नवी निवडणूक नको असते, हेही तितकंच खरं. क्लिंटन यांना फेरमतदान हवं होतं कारण त्यांना ते जिंकायची आशा होती. मतदानाचा हक्क दोघांच्याही तोंडी होता, पण दोघांनीही मार्चच्या त्या दोन आठवड्यांत जे केलं ते आकडेमोड करून केलं. भाष्यकारांचं काम इथे हे सांगायचं होतं. त्याऐवजी त्यांनी आपापल्या नेत्याचा हेतू निर्मळ आणि समोरच्याचा कपटी ठरवला. फेरमतदानाच्या बाजूने उभं राहणं म्हणजे क्लिंटन यांचा माणूस असणं, असं समीकरण झालं आणि तिथेच तो पर्याय मेला.

तिसरा निर्णय : ३१ मे

वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात नियम समितीची बैठक दिवसभर चालली. बाहेर निदर्शनं, आत सदस्यांच्या मागे बसलेल्या समर्थकांच्या घोषणा. फ्लोरिडाचे सर्व प्रतिनिधी पूर्ण मतांसह बसवण्याचा ठराव १५ विरुद्ध १२ मतांनी पडला. मग प्रत्येकाला अर्धं मत देण्याचा ठराव २७-० असा एकमताने झाला. त्यातून क्लिंटन यांचा निव्वळ फायदा १९ मतांचा.

मिशिगन अवघड होतं. क्लिंटन यांची मागणी ७३-५५ अशी, आणि ओबामांना चालणारी वाटणी ६४-६४ अशी. राज्यातल्या पक्षाने मतदान, मतदानकेंद्राबाहेरचं सर्वेक्षण आणि न मोजलेल्या हाताने लिहिलेल्या मतांचा अंदाज यांचा मेळ घालून ६९-५९ सुचवलं. तेही अर्ध्या मताने. १९ विरुद्ध ८ असा ठराव मंजूर झाला. समितीत क्लिंटन यांचे समर्थक सर्वांत जास्त होते, म्हणजे त्यांच्यातल्या काहींनीही या तडजोडीला मत दिलं. इक्स यांनी चार प्रतिनिधी पळवल्याचा आरोप केला आणि लढा अधिवेशनापर्यंत नेण्याचा हक्क राखून ठेवला. सभागृहातून ‘डेन्व्हर! डेन्व्हर!’ असा गजर झाला. अधिवेशन तिथेच व्हायचं होतं.

६९-५९ हा आकडा कुठल्याही मतपेटीतून आलेला नव्हता, हा क्लिंटन यांच्या बाजूचा आक्षेप मला पटतो. पण एका मोठ्या उमेदवाराचं नावच नसलेल्या निवडणुकीचा निकाल जसाच्या तसा घेणंही तितकंच निराधार ठरलं असतं. मार्चमध्ये फेरमतदान मोडलं, तेव्हाच मिशिगनचं खरं उत्तर मिळण्याची शक्यता संपली होती. मेमध्ये फक्त सहन होईल अशी वाटणी शोधायची उरली होती.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांनी लिहिली. नऊ महिन्यांच्या भांडणानंतर समिती जिथे पोचली, म्हणजे अर्ध्या मतावर, ती तिच्याच नियमावलीतली मूळ शिक्षा होती.

परिणाम

उमेदवारीसाठी लागणारा आकडा २,११८ झाला. ३ जूनला ओबामांनी तो ओलांडला. ७ जूनला क्लिंटन यांनी माघार घेऊन पाठिंबा जाहीर केला. त्यांचा एक चिडलेला गट नोव्हेंबरपर्यंत ओबामांच्या विरोधात बोलत राहिला. २७ जूनला दोघांची पहिली एकत्र सभा न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी या खेड्यात झाली. तिथल्या प्रायमरीत दोघांनाही १०७-१०७ मतं पडली होती.

ऑगस्टमध्ये, ओबामांच्याच विनंतीवरून, डेन्व्हरच्या अधिवेशनाने दोन्ही राज्यांना पूर्ण मतं परत दिली. तोवर त्या मतांनी काहीच बदलणार नव्हतं. नोव्हेंबरमध्ये ओबामांनी दोन्ही राज्यं जिंकली. त्यामुळे वादाचा कायमचा तोटा झाला नाही असं पक्षातले लोक म्हणतात. निवडणुकीपुरतं ते खरं आहे. पण तारखेचा नियम मोडूनही शेवटी सगळं परत मिळतं, हा धडा राज्यांनी घेतला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ऑगस्ट २००७ मध्ये निम्मी शिक्षा पुरेशी होती. उमेदवारांना प्रचाराला बंदी घालण्याची तर गरजच नव्हती. राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या गुन्ह्याची सजा मतदाराला उमेदवार न भेटण्याच्या रूपाने का मिळावी? पूर्ण शिक्षा द्यायचीच होती, तर त्याच दिवशी फेरमतदानाचा आराखडा, त्याची शेवटची तारीख आणि पैशांची सोय ठरवायला हवी होती. कोण आघाडीवर असेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो आराखडा निःपक्ष राहिला असता. मार्चमध्ये प्रत्येक कलम कुणाच्या फायद्याचं हे दोन्ही वकिलांना पाठ होतं.

पक्षपाती भाष्यकाराकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा मी करत नाही. बाजू घेणं हे त्याचं काम आहे. पण आपला उमेदवार उद्या समोरच्याच्या जागी असता तर आपण हेच म्हटलं असतं का, हे त्याने लिहिण्याआधी स्वतःला विचारायला हवं. आणि ‘तुमचं मत मोजलं जाणार नाही, ते दुसरीकडे वापरा’ असा सल्ला तर त्याने कधीच देऊ नये.

२०२४ मध्ये पक्षाने वेळापत्रक बदललं. साउथ कॅरोलायना पहिलं झालं आणि मिशिगनला नियमात बसणारी २७ फेब्रुवारी ही आधीची तारीख मिळाली. तिथल्या मतपत्रिकेवर ‘अनकमिटेड’चा रकाना होताच, आणि गाझातल्या युद्धाच्या निषेधार्थ एक लाखाहून जास्त लोकांनी त्यावर खूण केली. न्यू हॅम्पशायरने मात्र आपल्या कायद्यावर बोट ठेवून २३ जानेवारीलाच मतदान घेतलं. राष्ट्रीय पक्षाने तिथल्या पदाधिकाऱ्यांना पत्र लिहून कळवलं, की ही प्रायमरी निरर्थक असल्याचं लोकांना समजावून सांगा. मतदारांची दिशाभूल थांबवा असा आदेश राज्याच्या महाधिवक्त्यांनी पक्षाला धाडला. बायडेन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, तरी लोकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवलं. वसंत संपायच्या आत न्यू हॅम्पशायरला त्याचे प्रतिनिधी परत मिळाले.